ग्रामीण महाराष्ट्रातील हृदयरोग तपासणी व उपचार

ग्रामीण महाराष्ट्रात हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांची तपासणी व उपचार उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय अशा चढत्या टप्प्यांनी होतात. अँजिओग्राफी व अँजिओप्लास्टीची सोय बहुधा मोठ्या शहरांतच उपलब्ध असते. त्यामुळे गावाजवळच्या लहान रुग्णालयाकडे तीन कामे येतात: विकार ओळखणे, तातडीचा उपचार सुरू करणे आणि रुग्णाला योग्य ठिकाणी वेळेत पाठवणे. हृदयविकाराच्या झटक्यात रुग्णाचे भवितव्य पुष्कळदा या पहिल्या टप्प्यावरच ठरते.

सेवेची रचना

शासकीय निकषांनुसार मैदानी भागात सुमारे ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे लागते. डोंगराळ व आदिवासी भागांत हे प्रमाण अनुक्रमे ३,००० व २०,००० आहे. त्यावरील ग्रामीण रुग्णालय सर्वसाधारणपणे ३० खाटांचे असते. या रुग्णालयांत हृदयरोगतज्ज्ञाचे पद नसते. वैद्यकीय अधिकारी व परिचारिका यांनाच पहिला निर्णय घ्यावा लागतो.

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील धावडा हे या रचनेचे बोलके उदाहरण आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या परिसरात, बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेजवळ हे गाव वसले आहे. येथील रुग्णासाठी तालुक्याचे ठिकाण भोकरदन, जिल्ह्याचे ठिकाण जालना आणि विभागाचे मोठे रुग्णालय छत्रपती संभाजीनगर येथे आहे. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये सुरू झाले असून त्याचे रुग्णालय ‘घाटी’ या नावाने मराठवाडाभर ओळखले जाते. जालना आणि बुलढाणा येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले.

तपासण्या

हृदयविद्युतालेख (ईसीजी)

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर निर्माण होणारे सूक्ष्म विद्युत्‌प्रवाह कागदावर नोंदवणारी ही तपासणी आहे. नेदरलँड्समधील विलेम आइंटहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिचे व्यवहार्य यंत्र तयार केले. त्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हात-पायांवर चार व छातीवर सहा अशा दहा जोडण्यांतून हृदयाची बारा बाजूंनी नोंद होते. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर या गतीने सरकतो. त्यामुळे एक मिलिमीटरचा लहान चौकोन ०.०४ सेकंद दर्शवतो.

यंत्र लहान असून विजेरीवरही चालते. नोंद काही मिनिटांत मिळते. म्हणूनच लहान रुग्णालयातील ही सर्वांत मोलाची तपासणी ठरते. छातीत दुखणारा रुग्ण दाखल झाल्यापासून दहा मिनिटांत आलेख काढला जावा, असा सर्वमान्य संकेत आहे. आलेखातील ‘एसटी’ हा भाग विशिष्ट प्रकारे उंचावलेला दिसल्यास हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी पूर्णपणे बंद पडल्याची शक्यता असते. अशा झटक्याला वैद्यकीय व्यवहारात ‘स्टेमी’ म्हणतात.

पहिला आलेख सर्वसाधारण आला म्हणजे झटका नाही, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. त्रास चालू असेल तर आलेख पुनःपुन्हा काढावा लागतो.

ट्रोपोनिन

हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात उतरते. त्याची पातळी वाढण्यास काही तास लागत असल्याने फार लवकर केलेली तपासणी नकारात्मक येऊ शकते. आलेखात स्टेमी स्पष्ट असेल, तर या तपासणीच्या निकालासाठी उपचार थांबवले जात नाहीत.

इकोकार्डिओग्राफी

श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने हृदयाच्या झडपा, कप्पे व आकुंचनशक्ती पाहण्याच्या या तपासणीस बोलीभाषेत ‘टूडी इको’ म्हणतात. स्वीडनमधील इंगे एडलर व हेलमुट हर्ट्‌झ यांनी १९५३ मध्ये तिचा पाया घातला. तिच्यात किरणोत्सर्ग नसल्याने ती गर्भवतींसाठीही सुरक्षित आहे. ती करण्यास मात्र प्रशिक्षित व्यक्ती आवश्यक असते.

ट्रेडमिल चाचणी

सरकत्या पट्ट्यावर चालताना आलेख व रक्तदाब नोंदवला जातो. प्रचलित ब्रूस पद्धतीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याची गती व चढ वाढवतात. श्रमाने छातीत दुखते अशा, परंतु स्थिर प्रकृतीच्या रुग्णासाठी ती उपयुक्त आहे. झटका चालू असताना ही चाचणी करणे धोक्याचे असते.

अँजिओग्राफी

मनगटाच्या किंवा जांघेच्या रोहिणीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन क्ष-किरणांत दिसणारे औषध सोडले जाते आणि अडथळ्याची जागा पाहिली जाते. तोच अडथळा फुग्याने उघडण्याच्या क्रियेस अँजिओप्लास्टी म्हणतात. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी सप्टेंबर १९७७ मध्ये झुरिक येथे हृदयाच्या रोहिणीवर ती प्रथम यशस्वी केली.

झटक्यावरील उपचार आणि वेळ

रोहिणी बंद पडल्यावर तिच्या पुढील स्नायू मिनिटागणिक मृत होऊ लागतो. पहिल्या तासात रक्तप्रवाह सुरू झाल्यास सर्वाधिक लाभ होतो. पुढे तो घटत जातो, तरी सुमारे बारा तासांपर्यंत उपचाराचा उपयोग होऊ शकतो. स्टेमीचे निदान झाल्यापासून दोन तासांत अँजिओप्लास्टी शक्य असेल, तर ती श्रेयस्कर मानली जाते. अंतरामुळे ते शक्य नसल्यास गुठळी विरघळवणारे औषध जवळच्या रुग्णालयातच दिले जाते.

या औषधांपैकी स्ट्रेप्टोकायनेज सुमारे एक तास शिरेतून चालू ठेवावे लागते. टेनेक्टेप्लेज वजनानुसार एकाच वेळी टोचता येते. त्यामुळे लहान रुग्णालयांत ते सोयीचे ठरते. औषध देण्यापूर्वी मेंदूतील पूर्वीचा रक्तस्राव, अलीकडील पक्षाघात, शरीरात चालू असलेला रक्तस्राव इत्यादींची चौकशी करणे अत्यावश्यक असते. चुकीच्या रुग्णास दिल्यास हेच औषध प्राणघातक ठरू शकते.

१९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-२’ या अभ्यासात १७,१८७ रुग्ण होते. स्ट्रेप्टोकायनेज व ॲस्पिरिन ही दोन्ही औषधे मिळालेल्या गटात पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे झालेले मृत्यू ८ टक्के होते. दोन्ही न मिळालेल्या गटात ते १३.२ टक्के होते. ही दोन्ही औषधे शल्यगृह नसलेल्या रुग्णालयातही देता येतात.

औषधाने गुठळी विरघळली तरी रोहिणीतील मूळ अरुंदपणा कायम राहतो. म्हणून त्यानंतर सर्वसाधारणपणे ३ ते २४ तासांत अँजिओग्राफीसाठी रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवतात. औषधाचा परिणाम दिसला नाही, तर ताबडतोब हलवावे लागते.

स्टेमी प्रकल्प व रुग्णवाहिका

लहान रुग्णालयात काढलेला आलेख इंटरनेटद्वारे तज्ज्ञाकडे पाठवून काही मिनिटांत निदान मिळवणे, ही केंद्र-उपकेंद्र पद्धत तामिळनाडूत प्रथम अभ्यासपूर्वक राबवली गेली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये काही जिल्ह्यांत स्टेमी प्रकल्प सुरू केला.

वाहतुकीचा आधार म्हणजे १०८ क्रमांकाची आपत्कालीन सेवा. ती जानेवारी २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. त्यांतील २३३ प्रगत जीवनरक्षक साधनांनी सज्ज होत्या.

रक्तवाहिन्यांचे विकार

हृदयाप्रमाणेच पायांच्या रोहिण्याही अरुंद होतात. चालताना पोटरी दुखणे व थांबल्यावर वेदना शमणे, हे त्याचे प्रमुख लक्षण होय. घोट्याच्या रक्तदाबास दंडाच्या रक्तदाबाने भागले असता येणारे गुणोत्तर ०.९० किंवा त्याहून कमी असेल, तर हा विकार संभवतो. रक्तदाबमापक व हातात मावणारे डॉपलर यंत्र एवढ्यावर ही तपासणी होते. मधुमेही आणि तंबाखूचे सेवन करणाऱ्यांत ती विशेष महत्त्वाची आहे. पायाची जखम चिघळण्यापूर्वी विकार कळल्यास पाय वाचू शकतो.

बालकांतील हृदयरोग

शालेय व अंगणवाडीतील मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून सुरू झाला. जन्मजात हृदयदोष आणि संधिवाताच्या तापामुळे होणारा झडपांचा विकार यांचा त्यात समावेश आहे. घशाच्या जिवाणुसंसर्गानंतर येणाऱ्या या तापाचे वेळीच निदान झाल्यास दर तीन ते चार आठवड्यांनी दिलेल्या पेनिसिलिनने झडपांची पुढील हानी टाळता येते.

खर्च व शासकीय योजना

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत व नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. आरंभी कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपये असलेली मर्यादा पुढे पाच लाखांपर्यंत वाढवण्यात आली. अँजिओप्लास्टी व हृदयशस्त्रक्रिया तिच्यात समाविष्ट आहेत. लाभ मात्र योजनेतील अंगीकृत रुग्णालयांतच मिळतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र शासनाच्या औषधमूल्य प्राधिकरणाने औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली.

मर्यादा

उत्तम यंत्रणाही रुग्ण तिच्यापर्यंत पोहोचल्यावरच उपयोगी पडते. छातीतील जडपणा, घाम, डाव्या हातात वा जबड्यात जाणारी कळ ही लक्षणे पित्त किंवा वात समजून घरगुती उपायांत वेळ जातो. मधुमेही, वृद्ध व स्त्रिया यांच्यात छातीत दुखण्याऐवजी केवळ धाप, मळमळ किंवा थकवा आढळू शकतो. आलेखयंत्र असूनही कागद, जेल किंवा प्रशिक्षित कर्मचारी नसणे, औषधाचा साठा संपलेला असणे आणि रात्री वाहन न मिळणे, या अडचणींनीही वेळ वाया जातो. दूरच्या गावासाठी उपचारांची साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच मजबूत ठरते.

हे सुद्धा पहा

हृदयविकाराचा झटका
रक्तदाब
मधुमेह
प्राथमिक आरोग्य केंद्र
भोकरदन तालुका