दुकानाचं सॉफ्टवेअर बनवून घेताना: लारावेल, जँगो की स्प्रिंग बूट?

स्टॉक, उधारी आणि बिलं सांभाळणारं वेब सॉफ्टवेअर बनवून घ्यायचं ठरलं, की बनवणारा एखाद्या फ्रेमवर्कचं नाव सांगतो. फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा. लॉगिन, डेटाबेस, सुरक्षा यांची पायाभूत सोय त्यात असते. आम्ही इथे तीन पर्याय देत आहोत.

लारावेल (२०११): पीएचपी भाषेतलं. पीएचपीचं होस्टिंग स्वस्तात मिळतं, काम जाणणारेही बरेच. मात्र प्रत्येक मोठ्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या २ वर्षंच मिळतात.

जँगो (२००५): पायथॉनमधलं. अमेरिकेत कॅन्ससच्या एका वृत्तपत्रात जन्मलेलं. नोंदी भरायचं अ‍ॅडमिन पान आयतं मिळतं. दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला साधारण ३ वर्षं दुरुस्त्या मिळतात.

स्प्रिंग बूट (२०१४): जावामधलं. बँका आणि मोठ्या कंपन्यांच्या कामाचं. एका दुकानासाठी बहुधा जड.

तिन्ही मोफत आहेत. पैसे लागतात ते बनवण्याचे, होस्टिंगचे आणि देखभालीचे. मुदत संपलेली आवृत्ती तशीच चालवली, तर ग्राहकांची माहिती आणि उधारीचा हिशोब दोन्ही धोक्यात येतात.

म्हणून आम्ही सांगू, आधी एवढंच विचारा: बनवणारा उद्या नोकरीसाठी आखातात गेला, तर हे काम आपल्या भागात दुसरं कोण सांभाळेल? ज्याला उत्तर मिळेल, तेच फ्रेमवर्क घ्या. आणि कोड, डोमेन, होस्टिंगचं खातं अन् रोजचा बॅकअप स्वतःच्या ताब्यात ठेवा. हे करारात लिहूनच घ्या.