बडोद्याची गायनशाळा

सयाजीराव गायकवाडांनी इ. स. १८८६ मध्ये बडोद्यास सरकारी खर्चाने गायनशाळा काढून ती मौलाबक्षांच्या स्वाधीन केली. तोवर ही विद्या बहुतांशी घराण्यांच्या ताब्यात होती. गुरूची मर्जी हीच तिची किल्ली. वर्गात अनेकांना एकदम शिकवावयाचे, तर स्वरलेखनावाचून गत्यंतर नव्हते. म्हणून मौलाबक्षांनी स्वतःची लेखनपद्धती सिद्ध केली व चिजा पाठ्यपुस्तकांत उतरविल्या. मींड आणि गमक कागदावर पुरतेपणी उतरत नाहीत, हा आक्षेप मात्र निव्वळ मत्सरमूलक म्हणता येत नाही. पलुसकरांचे लाहोरचे गांधर्व महाविद्यालय १९०१ चे, तेही लोकाश्रयावर उभे. राजाश्रयाने हा प्रयोग पंधरा वर्षे आधी झाला होता. १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषदही बडोद्यासच भरली. पुढे ही शाळा १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात विलीन झाली.