फँकोनी रक्तक्षय

अस्थिमज्जा निकामी करणारा विरळा आनुवंशिक रोग. स्विस बालरोगतज्ञ गिडो फँकोनी यांनी १९२७ मध्ये एकाच कुटुंबातील तीन भावांवरून त्याचे वर्णन केले. रोग्याची गुणसूत्रे सहज तुटतात, असे १९६४ मध्ये आढळले. डीएनएच्या दोन धाग्यांत पडलेले आडवे सांधे त्याच्या कोशिकांना सोडविता येत नाहीत. मायटोमायसीन सी हे कर्करोगावरील औषध असेच सांधे घडविते. म्हणून ते रक्ताच्या नमुन्यात मिसळून गुणसूत्रांची मोडतोड मोजणे ही निदानाची कसोटी ठरली. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेत (१९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून स्थापन) या रीतीने रोग्यांचा अभ्यास झाला आहे.

निदान हुकणे घातक असते. रोग्याला कर्करोगाचा धोका अधिक, पण त्यावरील औषधाची नेहमीची मात्राच त्याला सोसत नाही. अस्थिमज्जा-रोपणापूर्वीच्या सायक्लोफॉस्फामाइडाची मात्रा पॅरिसच्या एलियान ग्लुकमन यांनी म्हणूनच पुष्कळ घटविली; नवजात बहिणीच्या नाळेतील रक्ताचे पहिले रोपणही त्यांनी १९८८ मध्ये अशाच एका मुलावर केले. स्तनाच्या कर्करोगाशी निगडित बीआरसीए२ जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्यास हाच रोग होतो, हे २००२ मध्ये कळले. दुरुस्तीतील असा दोष केवळ अर्बुदातच असेल, तर तो उपचाराच्या पथ्यावर पडतो. ओलापॅरिब हे त्याचाच फायदा घेणारे औषध २०१४ पासून वापरात आहे.