लांडोर बंगला कोणाचा?

आमच्या सोनगीरहून आग्रा रोडने धुळे ओलांडले की लळिंग येते. तिथल्या किल्ल्यामुळे फारुकी सुलतान इतिहासात बसले. शेजारच्या राखीव कुरणातला लांडोर बंगला ही गोऱ्या साहेबांची विसाव्याची जागा. साहेब गेले; त्यांच्या आठवणीसाठी ते रान कोणी तुडवीत नाही.

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब खटल्यासाठी धुळ्यास आले, तेव्हा या बंगल्यात उतरले, असे आपले लोक सांगतात. दर ३१ जुलैला भरपावसात खानदेशची माणसे तिथे जमतात. विद्वान कागद मागतात. ज्यांना अक्षरच नाकारले, त्यांनी कागद आणावा कुठून? ही नोंद पायांनी झाली आहे. विद्यार्थ्यांनी यंदा वह्या घेऊन जावे, म्हाताऱ्यांचे सांगणे उतरवून घ्यावे.