चहागृहाचे गणकयंत्र : लायन्स कंपनी आणि 'लिओ'

व्यापारी कचेरीत संगणकाचा प्रवेश कसा झाला, या प्रश्नाला यंत्राच्या इतिहासाने उत्तर देण्याचा प्रघात आहे. अमुक साली अमुक शास्त्रज्ञाने यंत्र तयार केले, कालांतराने ते स्वस्त झाले आणि मग कचेऱ्यांनी ते विकत घेतले, असा क्रम सांगितला जातो. या क्रमात व्यापारी संस्थेच्या वाट्याला केवळ गिऱ्हाइकाची भूमिका येते. तथापि नित्याच्या कारकुनी कामास जुंपलेल्या पहिल्या संगणकाची हकीकत याच्या उलट आहे. तो उभारणारी लंडनची जे. लायन्स आणि कंपनी विजेची उपकरणे बनवीत नव्हती. ती चहा, पाव आणि केक विकत होती. यंत्राची कल्पना तिच्यापुढे येण्याच्या कितीतरी आधीपासून ती आपल्या कचेरीचा विचार करीत होती. ही पूर्वपीठिका वगळली, तर १९५१ ची घटना निव्वळ चमत्कार वाटू लागते, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला चमत्काराचा आधार घेणे शोभत नाही.

लायन्सची स्थापना १८८७ ची. तिचे पहिले चहागृह १८९४ मध्ये पिकॅडिली येथे उघडले. भरभराटीच्या काळात अशा चहागृहांची संख्या अडीचशेच्या घरात गेली होती. त्यांखेरीज मोठी उपाहारगृहे, बेकऱ्या आणि किरकोळ दुकानदारांना माल पुरविण्याचा विस्तृत व्यवहार होता. या व्यापाराचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवणे अवश्य आहे. येथे प्रत्येक विक्री काही पेन्सांची, आणि तिच्यावरील नफा पेनीच्या अंशाएवढा. विक्रीची नोंद, बेरीज, तपासणी आणि वसुली यांवर जो कारकुनी खर्च होई, तो हा अंश सहज गिळून टाकू शकत असे. पोलादाच्या कारखान्यात हिशेबाचा खर्च ही किरकोळ बाब असेल. चहाच्या पेल्याच्या धंद्यात तोच जीवनमरणाचा प्रश्न होता.

हा प्रश्न सोडविण्यासाठी कंपनीने १९२३ मध्ये जॉन सिमन्स या केंब्रिजच्या गणितज्ञ पदवीधराची नेमणूक केली. सिमन्स यांच्या प्रेरणेने पुढे पद्धती-संशोधनाची एक स्वतंत्र शाखा निघाली. प्रत्येक काम का केले जाते, ते कोणाच्या उपयोगी पडते आणि न केल्यास काय बिघडेल, एवढेच विचारीत राहणे हे या शाखेचे काम होते. १९३० नंतरच्या दशकात तिने घाऊक विक्रीच्या खात्यांची फेरमांडणी केली. एकाने नोंद करावयाची, दुसऱ्याने बेरीज आणि तिसऱ्याने तपासणी, ही विभागणी मोडून एकेका फिरत्या विक्रेत्याच्या सर्व गिऱ्हाइकांची खाती एकेका कारकुनाकडे सोपविण्यात आली. यात यंत्राचा संबंध नव्हता. प्रस्तुत लेखकाच्या मते 'लिओ'च्या इतिहासाचा खरा आरंभ येथेच होतो.

१९४७ मध्ये टी. आर. थॉम्पसन आणि ऑलिव्हर स्टँडिंगफर्ड हे कंपनीचे दोन अधिकारी अमेरिकेतील कार्यालयीन पद्धती पाहण्यासाठी गेले. कचेऱ्यांत त्यांना फारसे नवे काही आढळले नाही. प्रिन्स्टन येथे मात्र हर्मन गोल्डस्टाइन यांची भेट झाली, आणि इलेक्ट्रॉनिक गणकयंत्राचे असेच काम खुद्द केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स करीत आहेत, असे त्यांना तेथे समजले. घरच्या गोष्टीचा पत्ता परदेशात लागावा, हा अनुभव आपल्याकडील संशोधकांसही अपरिचित नाही. लायन्सने विल्क्स यांच्या 'एडसॅक' यंत्राच्या कामास तीन हजार पौंड दिले आणि आपला एक तंत्रज्ञही धाडला. ६ मे १९४९ रोजी 'एडसॅक' चालू झाले. त्यानंतर कंपनीने त्याच धर्तीवर स्वतःचे यंत्र बांधावयास घेतले. त्याचे अभियंते जॉन पिंकर्टन. यंत्राला नाव दिले 'लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस', संक्षेपाने 'लिओ'. नावात गणकाचा निर्देश नाही, कचेरीचा आहे.

यंत्रात सुमारे सहा हजार व्हॉल्व्ह होते आणि स्मृतीसाठी पाऱ्याने भरलेल्या नळ्या होत्या. नोव्हेंबर १९५१ मध्ये त्याच्यावर पहिले नियमित काम सुरू झाले : बेकऱ्यांतून निघणाऱ्या मालाचे साप्ताहिक मूल्यमापन. काम मुद्दाम बेताचे निवडले होते. ते चुकले असते, तरी कोणाचा पगार अडला नसता.

पगाराचे काम लांबले. त्याचे कारण तांत्रिक असले, तरी उद्बोधक आहे. शास्त्रज्ञाचे गणित आत थोडे आकडे घेते, पुष्कळ गणन करते आणि थोडी उत्तरे देते. कचेरीचे गणित नेमके उलटे असते : प्रत्येक व्यक्तीसाठी आकडेमोड थोडी, पण आत जाणारी आणि बाहेर येणारी माहिती अफाट. यंत्र क्षणात हिशेब करी आणि पुढच्या आकड्याची वाट पाहत बसे. माहितीची ने-आण चुंबकीय फितीवरून करण्यासाठी बाहेरच्या संस्थेकडून घेतलेली साधने विश्वासार्ह ठरली नाहीत. अखेर छिद्रांकित कार्डे, कागदी फिती आणि अनेक समांतर मार्ग यांच्या आधारे हा प्रश्न सुटला, आणि १९५४ च्या फेब्रुवारीत पगारपत्रके यंत्रावर निघू लागली. अनुभवी कारकुनास एका नोकराच्या पगाराचा हिशेब करावयास जेथे आठ मिनिटे लागत, तेथे यंत्रास दीड सेकंद पुरे होई.

आठ मिनिटे आणि दीड सेकंद ही तुलना इतक्यांदा उद्धृत झाली आहे की, 'लिओ'चे महत्त्व कारकुनांचा वेळ वाचविण्यातच होते असा समज व्हावा. खरे महत्त्व त्याच वर्षी सुरू झालेल्या चहागृह-वितरणाच्या कामात दिसते. पूर्वी प्रत्येक चहागृहाची व्यवस्थापिका दुसऱ्या दिवशी लागणाऱ्या मालाची संपूर्ण मागणी रोज लिहून पाठवी. डेव्हिड कॅमिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे पाहिले की, ही मागणी बहुतांशी ठरलेलीच असते. बदलते ते थोडे. म्हणून आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी चहागृहाची स्थायी मागणी यंत्राकडे ठेवण्यात आली. मुख्य कचेरीतून व्यवस्थापिकेस ठरल्या वेळी दूरध्वनी जाई आणि तिने केवळ फेरबदल सांगावयाचे. पलीकडची कारकून स्त्री ते ऐकता ऐकताच कार्डावर छिद्रित करी. यंत्र त्यांवरून मालाची जुळणी, बांधणी आणि रवानगी यांच्या याद्या तयार करी.

येथे जुनी कारकुनी वेगाने झाली असे म्हणता येत नाही. ती नाहीशीच झाली. शिवाय मागणी, खप आणि उरलेला माल यांविषयीची माहिती याच कामातून निघू लागली, आणि कोणत्या चहागृहात अपेक्षेहून काही वेगळे घडत आहे तेवढेच वरिष्ठांपुढे ठेवता येऊ लागले. केक शिळा होण्याच्या आत ही वार्ता पोचणे, हेच तर कंपनीचे उद्दिष्ट होते. सिमन्स यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथास 'लिओ आणि व्यवस्थापक' अशा अर्थाचे नाव दिले, ते सहेतुक होय. रोज दूरध्वनी घेणाऱ्या आणि कार्डे छिद्रित करणाऱ्या स्त्रियांविषयी मात्र या वाङ्मयात अभियंत्यांच्या मानाने फारच थोडे लिहिलेले आढळते.

नोव्हेंबर १९५४ मध्ये लायन्सने यंत्रे बांधून विकण्यासाठी 'लिओ कॉम्प्युटर्स' ही स्वतंत्र कंपनी काढली आणि येथूनच यंत्र व उद्दिष्ट यांची फारकत सुरू झाली. चहागृहासाठी यंत्र असणे निराळे आणि यंत्रांचाच व्यापार करणे निराळे. 'लिओ-दोन' आणि 'लिओ-तीन' ही यंत्रे गुणांनी कमी नव्हती. परंतु मोठ्या अमेरिकन प्रतिस्पर्ध्यांपुढे टिकावयाचे, तर संशोधन, कारखाने आणि भाड्याने द्यावयाची यंत्रे यांत सतत भांडवल ओतणे भाग होते, आणि तेच भांडवल बेकऱ्या व उपाहारगृहेही मागत होती. कित्येक लेखक येथे लायन्सच्या संचालकांस अदूरदर्शी म्हणतात. आम्हास हे मत ग्राह्य वाटत नाही. ज्या कसोटीवर त्यांनी १९४९ मध्ये यंत्र बांधावयाचे ठरविले, म्हणजे आपल्या धंद्यास याचा उपयोग काय, तीच कसोटी त्यांनी पुढेही लावली. १९६३ मध्ये लिओ कंपनी इंग्लिश इलेक्ट्रिकच्या संगणक विभागात विलीन झाली. पुढच्या एकत्रीकरणांतून १९६८ मध्ये आयसीएल ही संस्था निर्माण झाली.

पहिले 'लिओ' जानेवारी १९६५ मध्ये बंद करण्यात आले. त्याच्या वंशातील शेवटची यंत्रे ब्रिटिश टपाल खात्याच्या कामावर १९८१ पर्यंत होती. लायन्स कंपनी स्वतः त्यापूर्वीच, १९७८ मध्ये, अलाइड ब्रुअरीज या मद्यनिर्मात्या संस्थेच्या ताब्यात गेली होती.