नखांची साक्ष किती ग्राह्य?

नखावर पांढरा ठिपका दिसला की घराघरांत एकच निदान होते: कॅल्शियम कमी पडले. मूल असेल तर दुधाचा पेला वाढतो, पन्नाशीची बाई असेल तर केमिस्टकडून गोळ्यांची बाटली येते. त्यापुढची पायरी म्हणजे मोबाइलवर फिरणारा तक्ता. नखांची रंगीत चित्रे आणि प्रत्येकाखाली एकेक आजार. उभ्या रेघा म्हणजे जीवनसत्त्वांचा अभाव, अर्धचंद्र दिसत नसेल तर थायरॉइड, पिवळे नख म्हणजे यकृत. पाठवणारा बहुधा चांगला शिकलेला असतो.

खंडनाला हात घालण्याआधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो अगदीच निराधार नाही. सुश्रुताने धातू आणि त्यांचे मल यांची जी जोडणी सांगितली आहे, तीत नखे आणि रोम हे अस्थिधातूचे मल आहेत. नख हे हाडाचे उत्पन्न, हाड म्हणजे कॅल्शियम, तेव्हा नखात खोट दिसली म्हणजे हाडांचा साठा आटला. या साखळीतली कॅल्शियमची कडी तेवढी नवी, बाकीची साखळी फार जुनी. शिवाय डॉक्टरही नखे पाहतातच. रुग्णाचा हात हातात घेतला की नाडीबरोबर त्यांची नजर नखांवरून फिरते. तेव्हा नखांकडे पाहणे हा खुळेपणा नव्हे. नखांना साक्षीला बोलवायला हरकत नाही. पण ज्या घटनेची साक्ष आपण मागतो, तिथे ती हजर होती का, एवढे आधी विचारायला हवे.

कॅल्शियमच्या खटल्यात ती हजर नव्हती. नख हाडातून उगवत नाही, कातडीतून उगवते. केस, शिंगे, खूर ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचे, त्याचेच हे दाबून बसवलेले थर. त्यात कॅल्शियम वजनाच्या एक टक्क्याहूनही कितीतरी कमी. नखाला कडकपणा येतो तो केराटिनच्या धाग्यांना एकमेकांशी जखडणाऱ्या गंधकाच्या बंधांमुळे. नख जळताना जो उग्र दर्प येतो, तो या गंधकाचाच. आणि नख लवचीक राहते ते त्यातल्या पाण्यामुळे. दिवसभर धुणीभांडी करणाऱ्या बाईची नखे मऊ पडून पापुद्र्यांसारखी सोलतात, त्याचे कारण वारंवार भिजणे आणि सुकणे. तिला कॅल्शियमच्या गोळ्या देऊन नखे सुधारणार नाहीत. रबरी हातमोजे दिले तर सुधारतील.

मग तो ठिपका कशाचा? नखाच्या मुळाशी, कातडीच्या घडीखाली, नख तयार करणारा भाग असतो. डॉक्टर त्याला मॅट्रिक्स म्हणतात. इथल्या पेशी आपले केंद्रक गमावून चपट्या होतात आणि पुढे सरकतात, म्हणून नख पारदर्शक दिसते. या जागी बारीकसा मार बसला की काही पेशींतले केंद्रक तसेच राहून जाते, प्रकाश तिथे विखुरतो आणि पांढरा ठिपका दिसतो. दारात बोट सापडणे, नखे कुरतडण्याची सवय, मॅनिक्युअर करताना क्युटिकल मागे रेटणे, एवढे त्याला पुरते. ठिपका घडीबाहेर येईपर्यंत काही आठवडे गेलेले असतात आणि मार कुणाच्या लक्षातही राहत नाही. खात्री करायची तर ठिपक्याचे क्युटिकलपासूनचे अंतर पट्टीने मोजून ठेवा आणि महिन्याने पुन्हा मोजा. तो सुमारे ३ मिलिमीटर पुढे गेलेला असेल आणि काही महिन्यांनी नेलकटरखाली जाईल, मधल्या काळात तुम्ही दूध प्या वा न प्या. आणखी एक साधा प्रश्न: रक्तातले कॅल्शियम दहाही बोटांना सारखेच पोचते, मग ठिपका एकट्या तर्जनीवर का? पूर्वी आपल्याकडची मुले उडत्या बगळ्यांकडे पाहत नखांवर नखे घासायची आणि ठिपका उमटला की बगळ्याने फूल दिले म्हणायची. त्या समजुतीत निदान कारण बाहेरचे आहे, हे तरी गृहीत होते!

तक्त्याची दुसरी चूक तर्काची आहे, आणि ती अधिक खोल आहे. धुरावरून अग्नी ओळखता येतो, पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. हा नैयायिकांचा जुना दाखला. व्याप्ती कोणत्या दिशेने आहे हे न पाहता केलेले अनुमान फसते, आणि तक्त्यातली बहुतेक अनुमाने अशीच उलटी आहेत. १९५४ साली रिचर्ड टेरी या डॉक्टरांनी यकृताच्या सिरोसिसच्या १०० रुग्णांपैकी ८२ जणांची नखे दुधी पांढरी आणि टोकाशी गुलाबी पट्टी असलेली पाहिली. निरीक्षण उत्तमच. पण तिथे सिरोसिस आधीच ठाऊक होता. तक्ता मात्र पांढऱ्या नखावरून सिरोसिसकडे जातो, आणि तशीच नखे म्हातारपणी, मधुमेहात, हृदय दुबळे झाल्यावरही दिसतात.

चमच्यासारख्या खोलगट नखांचेही तेच. लोहाच्या तुटवड्यात नखे तशी होतात, हे खरे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. खोलगट नखे हे त्याचे भरवशाचे लक्षण असते, तर बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या हाताकडे सहज पाहिले तरी ती दिसली असती. दिसत नाहीत. म्हणजे ‘माझी नखे सपाट आहेत, मला काही नाही’ असे म्हणणारी बाई तक्त्याच्या भरवशावर हिमोग्लोबिन तपासायचे टाळते. तक्त्याने घाबरणाऱ्यांपेक्षा तक्त्याने निश्चिंत होणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. उलट तान्ह्या बाळांची पायाची नखे पुष्कळदा खोलगट असतात आणि ती आपोआप सरळ होतात. उभ्या रेघा या नखांच्या सुरकुत्या, वयाबरोबर येणाऱ्या. अर्धचंद्र कित्येकांना अंगठ्यावरच दिसतो. आणि आपल्या स्वयंपाकघरात पिवळ्या नखाचा पहिला संशय हळदीवर घ्यावा.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग नखे पाहूच नयेत. हा दुसरा पक्षही चुकीचाच. नखाजवळ एक गोष्ट आहे जी रक्ताच्या अहवालातही नसते: तारीख. अमेरिकेतले डॉक्टर विल्यम बीन यांनी आपल्या डाव्या अंगठ्याच्या नखावर दर महिन्याला कानशीने खूण करून त्याची वाढ ३५ वर्षे मोजली. बत्तिसाव्या वर्षी नख रोज ०.१२३ मिलिमीटर वाढत होते, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. इतक्या संथ आणि नेमाने चालणारी दुसरी वस्तू शरीरात सहज दिसेल अशा जागी नाही. १८४६ साली फ्रान्सच्या जोझेफ बो यांनी सांगितले की टायफॉइडसारख्या भारी दुखण्यात ही वाढ अडखळते आणि नखावर आडवी खाच राहते. खाच क्युटिकलपासून किती दूर गेली, यावरून दुखणे केव्हाचे ते काढता येते. केमोथेरपीनंतर आणि कोविडनंतरही अशा खाचा दिसल्या. एकाच बोटावर असेल तर त्या बोटाला लागले; सगळ्या नखांवर एकाच रेषेत असेल तर साऱ्या शरीराला काही झाले.

अगदी अलीकडचे उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातले. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस मुळापासून गळू लागले. आधी बुरशीचा संशय आला, मग पाण्यातल्या नायट्रेटचा. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले आणि त्यावरून बराच वाद झाला. एप्रिलमध्ये त्याच भागातल्या लोकांची नखे विद्रूप होऊन गळू लागल्याच्या बातम्या आल्या. लोकांना ते नवे संकट वाटले. नखाच्या चालीचा हिशेब केला तर ते जुन्याच संकटाचे उशिरा पोचलेले पत्र असावे असे दिसते: मुळाशी मार हिवाळ्यात बसला, तो भाग बाहेर येऊन मधोमध सरकायला उन्हाळा उजाडला. सेलेनियम जास्त झाले की केस आणि नखे दोन्ही जातात, हे चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६० च्या दशकात दिसलेच होते. अशा वेळी नखांचे मोल मोठे, पण ते कुणा एकाच्या बोटावरच्या चित्रात नसते; एका गावात, एकाच सुमारास, अनेकांच्या अनेक नखांना काय झाले यात असते.

नखाखालचे रक्तही पाहण्यासारखे. चरकाच्या इंद्रियस्थानात मरणासन्न माणसाची नखे पिकल्या जांभळाच्या रंगाची होतात, असे म्हटले आहे. रक्तातला प्राणवायू घटला की नखे निळीजांभळी पडतात, हे आजचा कुठलाही निवासी डॉक्टर सांगेल. बोटांची टोके फुगून नखे गोल वळतात, ती खूण तर हिपॉक्रेटिसला छातीत पू झालेल्या रुग्णांत दिसली होती. तपासायला सोपी आहे: दोन्ही हातांच्या एकाच बोटाची नखे पाठीला पाठ लावून उजेडात धरा. मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची फट दिसली पाहिजे. ही युक्ती हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांना स्वतःच्या हृदयाच्या आजारपणात सुचली. काही घराण्यांत अशी बोटे जन्मजात असतात. पण पूर्वी फट होती आणि आता बुजली असेल, तर छातीचा एक्स-रे काढायला उशीर करू नये.

तक्त्याने जिथे ओरडायला हवे तिथे तो बहुधा गप्प असतो. सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर बारीक काळसर उभ्या रेघा असतात, त्या निरुपद्रवी. पण एकाच नखावर नवी रेघ आली, ती रुंद होत चालली, तिचा रंग शेजारच्या कातडीवर उतरला, तर ती मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाची असू शकते. गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या अंगठ्यावरचा डाग फुटबॉलच्या दुखापतीचा समजला गेला. १९७७ मध्ये मेलॅनोमाचे निदान झाले आणि १९८१ मध्ये तो गेला. अशी रेघ दिसली तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे आणि जाताना नेलपॉलिश काढून जावे.

राहिली नखांसाठीची बायोटिनची गोळी. दिवसाची गरज ३० मायक्रोग्रॅम, बाजारातली गोळी पुष्कळदा १० मिलिग्रॅमची, म्हणजे तीनशे पटींहून अधिक. हे बायोटिन काही रक्त तपासण्यांच्या रसायनात ढवळाढवळ करते. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने इशारा दिला की त्यामुळे हृदयविकाराच्या झटक्यात पाहिले जाणारे ट्रोपोनिन खोटेच कमी दिसू शकते. त्यातून एका रुग्णाचा मृत्यू झाल्याची नोंदही त्यात होती. थायरॉइडचे आकडेही असेच फसतात. अर्धचंद्र दिसत नाही म्हणून बायोटिन सुरू केले आणि मग त्याच तक्त्याच्या धास्तीने थायरॉइडची तपासणी केली, तर येणारा अहवाल त्या गोळीचाच असू शकतो. रक्त देण्यापूर्वी ही गोळी चालू असल्याचे लॅबमध्ये सांगावे. तिथे सहसा ते कुणी विचारत नाही.