हरवलेल्या रंगांची गोष्ट

भीमपूर हे आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर टोकाचं गाव. पैनगंगेच्या अलीकडे तेलंगण, पलीकडे आपला यवतमाळ. त्यामुळे या पट्ट्यात तेलुगू आणि गोंडीबरोबर मराठीही सहज कानावर पडते. दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातले राजगोंड दंडारी खेळतात. तिच्यातला गुस्साडी म्हणजे अंगाला राख, खांद्यावर कातडं आणि डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा टोप! तिथल्या एका मराठी स्नेह्याने मला दंडारीची जुनी व्हीसीडी पाठवली होती. ढोल ऐकू येतात, पावलं दिसतात, पण मोरपिसांचे डोळे काही दिसत नाहीत. त्या जागी एक निळसर-हिरवट डाग हलत राहतो.

आमच्या शिगम्याच्या व्हीसीडीचीही तीच कथा. गुलालाने माखलेली माणसं म्हणजे नुसते लाल चौकोन. लोक म्हणतात, कॅमेरा हलका होता. मला वाटतं, दोष एकट्या कॅमेऱ्याच्या माथी मारू नये. या गोष्टीला बराच जुना इतिहास आहे.

1938 साली जॉर्ज व्हॅलेन्सी या फ्रेंच अभियंत्याने पेटंट घेतलं. त्याची कल्पना अशी, की चित्राचा उजेड वेगळा पाठवावा आणि रंग वेगळा. म्हणजे काळ्या-पांढऱ्या संचावर नुसता उजेड दिसेल आणि रंगीत संचावर दोन्ही. पुढे अभियंत्यांनी आणखी एक गोष्ट हेरली. माणसाचा डोळा उजेडातले बारकावे चटकन टिपतो, रंगातले तितके टिपत नाही. मग रंगाला जागा कमी दिली तर कुणाला कळणार? आपल्याकडे 1982 साली दूरदर्शन रंगीत झालं ते ‘पाल’ पद्धतीने, आणि तिच्यातही हीच काटकसर होती.

डिजिटल आलं आणि काटकसरीचं गणित झालं. म्हैसूर राज्यात वाढलेले नासिर अहमद यांनी 1972 साली अमेरिकेत एका गणिती पद्धतीसाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला. तो मिळाला नाही. त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध जानेवारी 1974 मध्ये छापून आला. चित्राचे छोटे चौकोन पाडायचे, प्रत्येकातला ढोबळ भाग ठेवायचा आणि बारीकसारीक तपशिलाला कात्री लावायची, हे पुढे तिच्यामुळे जमलं. जेपेग, व्हीसीडी, डीव्हीडी, सगळे याच पायावर उभे आहेत.

आता थोडे आकडे पाहू. 1995 च्या सुमारास डीव्ही कॅसेट आली. तिच्यात ‘पाल’ चित्राला उजेडाचे 720 बाय 576 ठिपके आणि रंगाचे फक्त 360 बाय 288. म्हणजे उजेडाच्या चार ठिपक्यांत मिळून रंगाचा एक! तरी डीव्हीत सेकंदाला सुमारे अडीच कोटी बिट चित्रासाठी असतात. 1993 च्या व्हीसीडीत ते जेमतेम साडेअकरा लाख. तिथे रंगाचे ठिपके उरतात 176 बाय 144. एवढ्यात मोरपिसाचा डोळा मावणार कुठे? लाल-निळ्याला फटका अधिक बसतो, कारण त्यांच्या वाट्याला उजेड मुळातच कमी असतो. त्यांची वीण दिसते ती रंगाच्या बळावर, आणि रंगच तर छाटलेला!

खरं नुकसान मात्र पुढे झालं. त्या काळात लग्नं, तियात्र, जत्रा डीव्ही कॅसेटवर टिपायचे, संगणकावर घेऊन जोडणी करायचे आणि व्हीसीडी काढून द्यायचे. कॅसेट महाग, म्हणून तीच पुसून पुढच्या कार्यक्रमाला वापरायची. मूळ गेलं, नक्कल उरली. नकलेचं पुन्हा दुसऱ्या स्वरूपात रूपांतर करताना प्रत्येक वेळी नव्याने छाटणी होते, आणि छाटलेलं परत येत नाही. आजची यंत्रं चित्र मोठं आणि स्वच्छ करून देतात, पण गेलेल्या रंगाच्या जागी ती आपला अंदाज भरतात. दिसायला छानच, पण पुरावा म्हणून शून्य!

फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने 1940 च्या दशकात आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहून टिपलेली छायाचित्रं लंडनच्या ‘सोआस’ संस्थेने जपली आहेत. ऐंशी वर्षं होत आली, तरी ती पाहता येतात. आपली वीस वर्षांपूर्वीची जत्रा मात्र धूसर झाली. तंत्र सुधारलं, पण जपण्याची सवय सुटली, असं म्हणावं लागतं.

म्हणून गोव्यातल्या वाचकांना एक विनंती. घरात, देवस्थानात, नाटकमंडळाच्या कपाटात कुठे मिनीडीव्ही कॅसेट असेल तर ती टाकू नका. फायरवायरने ती संगणकावर उतरवली तर कॅसेटवरचे आकडे जसेच्या तसे येतात, रंग आणखी घटत नाही. तासाला सुमारे 13 जीबी लागतात, आणि आज तेवढी जागा म्हणजे काहीच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची ती छोटी प्रत वेगळी करा, मूळ फाईलला हात लावू नका. हे काम लवकर करायला हवं, कारण या कॅसेट वाजवणारे नवे कॅमेरे आता बनत नाहीत आणि जुने एकेक करून बंद पडताहेत.